एकही जंतू नसलेल्या चाळीस बरण्या

नानांच्या पहिल्या नऊ बरण्यांत जे उगवलं ते ऑर्किड नव्हतं, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. एका बरणीत करडी लोकर होती, दोन बरण्यांत हिरवट मखमल, एकीत शेंदरी ठिपके, आणि कोपऱ्यातल्या बरणीत तर असं काही होतं की समोरच्या वहिनींनी आधी रुमाल नाकाला लावला आणि मग म्हणाल्या, "रंग मात्र सुरेख आलाय." वहिनी स्वभावाने चांगल्या. कुणाकडे काही बिघडलं तर त्यातली चांगली बाजू शोधून दाखवल्याशिवाय त्या हलत नाहीत. त्यामुळेच इमारतीतले लोक आपलं बिघडलेलं त्यांच्यापासून लपवून ठेवतात.

वास्तविक नानांनी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं. नाना म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. छत्तीस वर्षं त्यांनी समोर आलेला कागद वाचला, कागदात म्हटलं होतं ते केलं आणि कागदात नव्हतं ते केलं नाही. पुस्तकात लिहिलं होतं की फुलातले पराग काडीने उचलून आत चिकटवा, त्यांनी चिकटवले. तीन फुलांना तीन शेंगा धरल्या. पाच महिने वाट बघा म्हटलं होतं, बघितली. एका शेंगेत लाखभर बिया असतात, हे वाचून त्यांनी घरातल्या मोकळ्या जागेचा एक तक्ताही करून ठेवला होता. लाखभर झाडं ठेवायची म्हणजे निदान गॅलरी तरी रिकामी करायला हवी होती.

अडचण अशी की ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ. बाकीच्या झाडांच्या बियांबरोबर थोडी शिदोरी बांधून दिलेली असते. ऑर्किडला मात्र रिकाम्या हाताने घराबाहेर काढलं आहे. म्हणून त्याला बरणीत साखर-पाण्याची जेली करून द्यावी लागते. आणि जेली म्हटली की जेवायला कोण येत नाही? हवेतली झाडून सगळी बुरशी येते, बिनबोलावता येते आणि ऑर्किडच्या आधी पानावर बसते.

त्या नऊ बरण्या नाना गुपचूप कचऱ्यात टाकायला निघाले होते, तेवढ्यात दारात त्यांना सिस्टरनी अडवलं.

सिस्टर म्हणजे नानांची बायको. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर, त्यातली शेवटची पंधरा मुख्य सिस्टर. इमारतीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. त्यांचं खरं नाव काय ते फक्त विजेच्या बिलाला ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. हॉस्पिटलने निरोपाला एक मानपत्र दिलं आणि हे ऑर्किडचं झाड दिलं. झाडाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायच्या. चौतीस वर्षं जिच्या एका नजरेने सर्जन गप्प बसायचे, ती बाई दिवसाकाठी चार वाक्यं बोलायची आणि त्यातली दोन दूधवाल्याशी असायची. नानांना ते बघवत नव्हतं. पण उपाय सुचत नव्हता, आणि उपाय सुचला नाही की माणूस छंद लावून घेतो, तसं त्यांनी ऑर्किड लावून घेतलं होतं.

सिस्टरनी एक बरणी उजेडात धरली.

"हात कसे धुतले होतेत?"

"साबणाने."

"किती वेळ?"

"हात धुवायला लागतो तेवढा."

"कोपरापर्यंत?"

"अगं, बी पेरायचं होतं. पोहायचं नव्हतं."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी बरणी खाली ठेवली, दुसरी उचलली, तिसरी उचलली. नानांना एकदम आपण उघड्या पाठीचा अंगरखा घालून टेबलावर पडल्यासारखं वाटलं.

"ही बरणी कशात उकळली?"

"चहाच्या पातेल्यात."

"आणि पेरताना मागे पंखा चालू होता."

"उकडत होतं."

"म्हणजे घरातली सगळी धूळ उचलून तुम्ही स्वतःच्या हाताने बरणीत भरलीत आणि वर झाकण लावलंत." मग त्यांनी आठ महिन्यांत न विचारलेली गोष्ट विचारली. "शेंगा किती उरल्यात?"

"दोन."

"या वेळी मी करते," सिस्टर म्हणाल्या, आणि बाह्या वर केल्या.

इथून पुढे नानांचा प्रकल्प नानांचा राहिला नाही. माणसाने सभा बोलवावी आणि सभेने त्यालाच चहा आणायला पाठवावं तसं झालं. सिस्टरनी दुपारी घराची पाहणी केली आणि बाथरूम हे थिएटर ठरवलं, कारण तिथे वारा सर्वांत कमी. दोन दिवस आधीपासून बाथरूम कुणीही वापरायचं नाही असं ठरलं. 'कुणीही' म्हणजे अर्थातच नानांनी. ते साबण-टॉवेल घेऊन सकाळी सेक्रेटरींच्या घरी आंघोळीला जाऊ लागले. इमारतीचे सेक्रेटरी तसे सभ्य गृहस्थ, पण नाना बाहेर येईपर्यंत ते दाराबाहेर उभे राहून पाण्याचा आवाज ऐकायचे. पाणीपुरवठा खात्याच्या माणसाने आपलं पाणी किती वापरलं हे जाणून घ्यायची संधी पुन्हा कधी मिळणार होती?

दुसरा नियम नावाचा. नाना बरणी पुसता पुसता सवयीने म्हणाले, "अगं, हे झाकण इथे ठेवू का?" त्यावर उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर सिस्टर म्हणाल्या, "थिएटरमध्ये 'अगं' नसतं. तिथे नाती बाहेर ठेवून यायचं."

"मग काय म्हणू?"

"सगळे काय म्हणतात?"

अशा रीतीने लग्नाच्या छत्तिसाव्या वर्षी नाना आपल्या बायकोला सिस्टर म्हणू लागले आणि अहोजाहो करू लागले. समोरच्या वहिनींनी हे ऐकलं आणि त्यांना यातही एक चांगली बाजू दिसली. "निदान आवाज तरी चढत नाही तुमच्या घरात," त्या म्हणाल्या.

जेली घट्ट व्हायला जे लागतं ते नानांनी किराणा दुकानातून चायना ग्रासच्या नावाने आणलं होतं. सिस्टरना ते चालेना. त्यांना प्रयोगशाळेचं हवं होतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने नानांना वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाला, "संस्थेचं पत्र आणा." दुसरा कुणी असता तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता. नानांना मात्र भरून आलं. निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी त्यांच्याकडे कागद मागितला होता. ते थेट सेक्रेटरींकडे गेले आणि इमारतीच्या लेटरहेडवर पत्र घेऊन आले. त्यात लिहिलं होतं की सदर गृहस्थ या इमारतीत राहतात, त्यांची वर्तणूक समाधानकारक असून ते जे काही करतात ते झाकण लावून करतात. दुकानदाराने पत्र दोनदा वाचलं. "ही संस्था नाही, इमारत आहे," तो म्हणाला. नानांनी नम्रपणे विचारलं की इमारतीची नोंदणी संस्था म्हणूनच झालेली असते, हे आपल्याला माहीत आहे का. मग नोंदणीची प्रत. मग प्रतीवर शिक्का. चौथ्या खेपेला दुकानदाराने हात टेकले आणि पाकीट दिलं. घरी येऊन नानांनी पाकिटामागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली तर आत चायना ग्रासच होतं. ही गोष्ट त्यांनी सिस्टरना सांगितली नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. पाकिटावर प्रयोगशाळेचं चित्र होतं.

पेरणी उघड्यावर करायची नव्हती. काचेची पेटी आडवी ठेवून तिच्या आत हात घालून करायची होती. अशी पेटी इमारतीत एकच, समोरच्या वहिनींची, आणि तिच्यात सहा मासे राहत होते. वहिनींनी पेटी आनंदाने दिली, फक्त मासे नानांच्या हवाली केले. ते तीन दिवस नानांच्या स्वयंपाकघरात पिठाच्या पातेल्यात राहिले आणि तीनही दिवस अन्नाला शिवले नाहीत. नाना त्यांच्याशी बोलून बघायचे. सिस्टर आतून विचारायच्या, "कोण आलंय?" नाना म्हणायचे, "कुणी नाही, पेशंटचे नातेवाईक."

खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत नानांच्या प्रतिष्ठेचं काही शिल्लक राहिलं नव्हतं, पण ते सुखात होते. सिस्टर पहाटे उठत होत्या. भराभर चालत होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर बरण्यांची झाकणं वाळत पडली होती. रात्री जेवताना त्या नानांना थिएटरच्या गोष्टी सांगत होत्या. कोणत्या सर्जनचे हात चांगले, कुणाची जीभ वाईट, कोण टाके घालताना गुणगुणतो. नाना घास हातात धरून ऐकत राहायचे. हे सगळं बरण्यांवर अवलंबून आहे, हे त्यांना कळत होतं. बरण्या फसल्या की ही बाई पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार, आणि या वेळी उठणार नाही.

पेरणीच्या दिवशी सिस्टरनी एका कागदावर क्रमवार सूचना लिहून दिल्या. कागद बघताच नानांचा जीव भांड्यात पडला. चार क्रमांकाची सूचना होती: 'ट्रेवरचं सगळं कुकरमध्ये. पूर्ण वाफ आल्यावर वीस मिनिटं.' एवढं लिहून सिस्टर हात धुवायला गेल्या. त्यांचं हात धुणं आणि अंगरखा-मास्क चढवणं अर्धा तास चालतं आणि तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

ट्रेवर चिमटे होते, सुरी होती, चमचे होते, कापसाचे बोळे होते. आणि स्वच्छ पट्टीत गुंडाळलेली शेंग होती.

नानांनी शेंग हातात घेतली. त्यांना शंका आली, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवलं पाहिजे. बी कुकरमध्ये घालावं का? पण कागद स्पष्ट होता. 'सगळं' म्हणजे सगळं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत नाना एक गोष्ट पक्की शिकले होते: ज्या आदेशाचा अर्थ कळत नाही त्यावर स्पष्टीकरण मागावं, पण ज्याचा अर्थ कळतो त्यावर मागू नये, तो उद्धटपणा ठरतो. शिवाय थिएटरमधलं त्यांना काय कळत होतं? चहाच्या पातेल्यात बरण्या उकळणारा माणूस तो. त्यांनी शेंग ट्रेवरच्या बाकी सामानाबरोबर कुकरमध्ये ठेवली, झाकण लावलं आणि घड्याळ बघून वीस मिनिटं मोजली. एक मिनिट कमी नाही, एक जास्त नाही.

मग दोघं हिरव्या अंगरख्यात बाथरूममध्ये उभे राहिले. सिस्टरनी पेटीत हात घालून शेंगेला सुरी लावली. क्षणभर त्या थांबल्या. "मऊ आहे," त्या म्हणाल्या. मग मान वर करून त्यांनी नानांकडे बघितलं. नाना पहिली बरणी दोन्ही हातांत धरून ताठ उभे होते, मास्क सरकून डोळ्यांवर आला होता तरी हात हलत नव्हता. सिस्टर पुन्हा खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "बरणी." चाळीस वेळा 'बरणी' म्हटलं गेलं आणि चाळीस बरण्या भरल्या.

त्यानंतर जे झालं त्याला यशच म्हणावं लागेल. चार दिवस गेले, बुरशी नाही. आठवडा गेला, बुरशी नाही. दोन आठवड्यांनी सेक्रेटरी बघायला आले आणि काचेसारखी स्वच्छ जेली बघून थक्क झाले. "आमच्या पाण्याच्या टाकीचंही बघता का जरा," ते म्हणाले. रोज सकाळी साडेसहाला सिस्टर आणि नाना बरण्यांची फेरी काढायचे. नाना एकेक बरणी उजेडात धरायचे, सिस्टर बघायच्या आणि रजिस्टरात लिहायच्या. दिवस अमुक, तापमान तमुक, जंतू नाही, अंकुर नाही, सही. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "असं निर्मळ काही मी उभ्या जन्मात पाहिलं नाही," आणि पहिल्यांदाच त्यांना चांगली बाजू शोधावी लागली नाही.

फक्त उगवत काही नव्हतं.

सव्विसाव्या दिवशी नाना कुणाला न सांगता हमरस्त्यावरच्या रोपवाटिकेत गेले. तिथला मालक ऑर्किड विकत असे. नानांनी सूचनांचा कागद बरोबर नेला होता. तो त्यांनी अभिमानाने, क्रमांकासह वाचून दाखवला. मालक माना डोलवत ऐकत होता. चौथ्या क्रमांकाला त्याची मान थांबली.

"शेंग कुठे होती तेव्हा?"

"ट्रेवर."

"काका," तो हळूच म्हणाला, "तुम्ही बी पेरलं नाहीत. शिजवून वाढलंत."

नाना घरी चालत आले. वाटेत त्यांनी या प्रकरणाचा सर्व बाजूंनी विचार केला. त्यांच्या खात्यात चूक कधी माणसाची नसे. ती या टेबलावरून त्या टेबलावर जाई, तिच्यावर शेरे पडत, तिला जाडजूड फाइल होई आणि शेवटी ती कुणाची होती हे विचारणाराच निवृत्त होई. पण इथे टेबलं दोनच होती. सूचना सिस्टरची आणि अंमलबजावणी आपली. खरं सांगावं, तर सिस्टरना कळणार की चौतीस वर्षांत प्रथमच आपल्या लेखी सूचनेत चूक राहिली. न सांगावं, तर ती बाई रोज सकाळी चाळीस मेलेल्या बरण्यांना तपासत बसणार. नानांनी जे बरेच सज्जन करतात ते केलं. उद्या सांगू असं ठरवलं.

असे अकरा उद्या झाले. या अकरा दिवसांत नानांची भूक गेली. बरणी उजेडात धरताना त्यांचे डोळे दुसरीकडेच असायचे. "तुम्हाला बरं नाही का?" सिस्टर विचारायच्या, आणि नाना म्हणायचे, "पित्त." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, सिस्टरनी साधं "काय हो" म्हटलं तरी ते दचकायचे.

सदतिसाव्या दिवशी, रविवारी, हॉस्पिटलची मंडळी आली. बरण्यांची बातमी तिथपर्यंत पोचली होती. आता थिएटर सांभाळणारी धाकटी सिस्टर आली, तिथले जुने वॉर्डमामा आले, आणि भूल देणारे डॉक्टर आले. सिस्टरनी इस्त्रीचे कपडे घातले होते. तिघं ओळीने बरण्यांपुढून फिरले, एखाद्या प्रदर्शनात फिरावं तसे.

"एकही जंतू नाही," धाकटी सिस्टर म्हणाली. "चाळीस पैकी एकही नाही. सिस्टर, आमच्याकडे अजून कुणाला हे जमत नाही."

"आणि झाडं कुठे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. डॉक्टर माणूस चांगला, पण आयुष्यभर झोपलेल्या लोकांशी बोलायची सवय.

"वेळ लागतो," सिस्टर म्हणाल्या.

त्या 'वेळ लागतो' मध्ये असं काही होतं की नानांना राहवलं नाही. ती माणसं उद्या हॉस्पिटलात जाऊन सांगणार, मग महिन्याभराने पुन्हा विचारणार, आणि सिस्टर पुन्हा म्हणणार की वेळ लागतो. आपली बायको लोकांसमोर काचेच्या रिकाम्या बरण्यांची बाजू घेत उभी आहे, आणि आपण पित्ताचं कारण सांगतोय, याची त्यांना लाज वाटली.

"बी मी शिजवलं," नाना म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"सिस्टर, त्या दिवशी ती शेंग मी कुकरमध्ये घातली. वीस मिनिटं. ट्रेवर होती म्हणून. या बरण्यांत काही येणार नाही, कधीच येणार नाही. मला अकरा दिवसांपासून माहीत आहे, पण सांगायचा धीर झाला नाही."

सिस्टरनी हातातलं रजिस्टर मिटलं.

"मला सदतीस दिवसांपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या.

नानांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"सुरी लावली तेव्हाच कळलं. कच्ची शेंग अशी कापली जात नाही. सूचना मीच लिहिली होती, शेंग वेगळी ठेवा असं मी लिहिलं नव्हतं. चूक माझी. तुम्ही फक्त सांगितलं ते केलंत."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?" थिएटरचे नियम विसरून नाना म्हणाले.

"काय बोलणार? तुम्ही बरणी धरून उभे होतात." समोर पाहुणे आहेत हे सिस्टरच्या लक्षात होतं, पण आता त्यांना थांबायचं नव्हतं. "चौतीस वर्षं मी घरी यायची तेव्हा तुम्ही ऑफिसला निघालेले असायचात. आपला अर्धा संसार फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर झाला. दूध आणा, गॅस संपला, मी जेवले. आणि आता रोज साडेसहाला आपण दोघं एका टेबलाशी उभे राहतो. मला वाटलं, शेंग मेली म्हणून सांगितलं तर उद्यापासून ते बंद. म्हणून मी लिहीत राहिले."

नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. धाकटी सिस्टर छताकडे बघत होती.

"मी बाहेर थांबू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"सिस्टर," खिडकीजवळून मामा म्हणाले. त्यांचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं, ते झाडाकडे बघत होते. "ही एक शेंग टोकाला पिवळी पडलीय."

तिसरी शेंग. पिकून फुटली असती तर उघडं बी सगळं बुरशीच्या तोंडी गेलं असतं. सिस्टर दोन पावलांत खिडकीशी पोचल्या, शेंगेवर बोट टेकवलं आणि घड्याळाकडे बघितलं. त्यांचा चेहरा एका क्षणात बदलला. असा चेहरा नानांनी घरात कधी पाहिला नव्हता. तिघं पाहुणे मात्र तो ओळखत होते. कुणी काही सांगायच्या आत मामा बाथरूम पुसायला लागले होते आणि धाकटी सिस्टर अंगठ्या काढून ठेवत होती. वहिनींचे मासे पुन्हा पातेल्यात गेले. डॉक्टरांना काही काम नव्हतं, म्हणून त्यांना कुकरजवळ बसवलं.

सिस्टरनी नानांच्या हातात ट्रे दिला. "हे सगळं कुकरमध्ये."

नाना जागचे हलले नाहीत. आयुष्यात प्रथमच त्यांनी एका स्पष्ट आदेशावर स्पष्टीकरण मागितलं.

"शेंगेसकट?"

"शेंग सोडून," सिस्टर म्हणाल्या. "शेंग बाहेरून औषधात धुवायची, आतून हात लावायचा नाही. बरं झालं विचारलंत."

ती पेरणी पहिल्यासारखी निर्मळ झाली नाही. बाथरूममध्ये चार माणसं म्हणजे गर्दी होती, आणि सतराव्या बरणीला डॉक्टर दारातून डोकावून शिंकले. सिस्टरनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की दुसरी शिंक त्यांनी घरी जाईपर्यंत धरून ठेवली. छत्तीस बरण्या भरल्या. आठवड्याभरात त्यातल्या अकरा बरण्यांत लोकर आली, मखमल आली, शेंदरी ठिपके आले. समोरच्या वहिनींना तीन रंग आवडले. सिस्टर रजिस्टरात 'जंतू आहे' असं लिहायच्या आणि तरी त्या दिवसभर गुणगुणत असायच्या, टाके घालणाऱ्या त्या सर्जनसारख्या.

या पेरणीच्या एकावन्नाव्या दिवशी, सकाळच्या फेरीत, नानांनी विसावी बरणी उजेडात धरली आणि ती खाली ठेवायचं विसरले. जेलीवर हिरवं काहीतरी होतं. बारीक, टाचणीच्या डोक्याहून लहान, पण हिरवं. आणि एक नव्हतं. बरणीचा सगळा तळ हिरवा झाला होता.

सिस्टरनी भिंग घेतलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग नाकाशी आलेलं पाणी हाताच्या मागच्या बाजूने पुसून त्यांनी रजिस्टर उघडलं आणि अंकुराच्या रकान्याशी थांबल्या.

"किती लिहू?"

"पुष्कळ लिही."

"पुष्कळ हा आकडा नाही. थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी आत रक्त टिपायला घातलेल्या पट्ट्या मोजतात. दोघांनी मोजायच्या, आणि दोघांचा आकडा जुळल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही."

नानांनी दुसरी खुर्ची ओढली. बरणी दोघांच्या मध्ये ठेवली. एका बाजूने सिस्टर भिंग लावून मोजू लागल्या, दुसऱ्या बाजूने नाना टाचणीचं टोक काचेवर टेकवत, ओठ हलवत मोजू लागले. अर्ध्या तासाने सिस्टरनी आकडा सांगितला, दोनशे चौदा. नानांचे दोनशे सहा झाले होते.

"पुन्हा," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्यांदा सिस्टरचे दोनशे नऊ झाले आणि नानांचे दोनशे एकवीस. अजून चोवीस बरण्या बाकी होत्या. चहा निवून गेला, ऊन सरकत टेबलावर आलं, दूधवाला येऊन बेल वाजवून गेला. दुपार झाली तरी आकडा जुळला नव्हता, आणि दोघांनाही तो जुळायची घाई नव्हती.